निष्क्रिय थ्रेडची गणना (जावा प्रोफायलिंगमधील)

नेटवर्कवर नुसती वाट पाहत असलेला थ्रेड (प्रोग्रॅममधील कामाचा स्वतंत्र धागा) कामात आहे असे समजून प्रोफायलरने (प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनाने) त्याच्या नावावर सीपीयूचा वेळ मांडणे, हा जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील एक परिचित मापनदोष. सर्व्हर जवळजवळ रिकामा असताना अहवालात ‘ईपोल-वेट’ किंवा ‘सॉकेट-रीड-झीरो’ या नेटवर्कची वाट पाहणाऱ्या नेटिव्ह मेथड (जावाबाहेरील भाषेत लिहिलेली फंक्शने) सर्वांत वर दिसणे, ही त्याची नेहमीची खूण.

दोष जावाने थ्रेडच्या स्थितीला दिलेल्या नावात आहे की ती स्थिती वाचणाऱ्या साधनात, याबद्दल मतभेद दिसतात. जावा ५ (२००४) मध्ये थ्रेडच्या सहा स्थिती ठरवण्यात आल्या : न्यू, रनेबल, ब्लॉक्ड, वेटिंग, टाइम्ड-वेटिंग व टर्मिनेटेड. यांपैकी ब्लॉक्ड आणि दोन्ही वेटिंग मुख्यतः जावाच्याच लॉक, वेट, पार्क, स्लीप यांच्याशी निगडित आहेत. नेटिव्ह मेथडमधून सिस्टिम कॉलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागणीत) शिरलेला थ्रेड कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, तिथे झोपवला, तरी जावा चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या लेखी तो रनेबलच (चालण्यायोग्य) राहतो. काहींना हे नावच फसवे वाटते. मात्र या स्थिती ऑपरेटिंग सिस्टिममधील स्थिती दर्शवत नाहीत, असे जावाच्या अधिकृत दस्तऐवजातच म्हटले आहे. त्यामुळे रनेबलचा अर्थ ‘सीपीयूवर चालू’ असा घेणाऱ्या साधनांकडे दोष जातो, हे मत अधिक ग्राह्य ठरते. जेडीके (जावाचा विकाससंच) ९ मध्ये वगळलेले एचप्रॉफ हे प्रोफायलर त्याचे जुने उदाहरण.

अशा मेथडची नावे यादीत घालून गाळणे हा रूढ उपाय, पण तो तकलादू आहे. जेडीके १३ (२०१९) मध्ये जुन्या सॉकेटची (नेटवर्क जोडणीच्या टोकाची) अंतर्रचना नव्याने लिहिली गेली आणि नेहमीच्या वापरातून सॉकेट-रीड-झीरो गेली. नावावर बेतलेल्या याद्या तिथेच शिळ्या झाल्या. शिवाय डेटाबेसच्या उत्तरासाठी अडकलेला थ्रेडही अशाच वाट पाहणाऱ्या मेथडमध्ये असतो. त्याला गाळले, तर ज्या विलंबाचा शोध घ्यायचा तोच अहवालातून नाहीसा होतो.

जेडीकेमधलेच प्रोफायलर, जावा फ्लाइट रेकॉर्डर, जावा कोडमधील व नेटिव्ह कोडमधील नमुने (ठरावीक अंतराने टिपलेल्या थ्रेडच्या नोंदी) वेगवेगळे ठेवते. एसिंक-प्रोफायलर हे दुसरे साधन लिनक्सवर कर्नलच्या पर्फ-इव्हेंट्स या मापनसुविधेवरून खरा सीपीयू वेळ मोजते. त्याच्या ‘वॉल’ (घड्याळी वेळेच्या) पद्धतीत मात्र झोपलेले थ्रेड मुद्दामच धरले जातात. जेडीके २५ (२०२५) मध्ये लिनक्सपुरते सीपीयू-वेळेवर आधारित नमुने प्रायोगिक स्वरूपात आले.

याच्या उलट प्रकार ओपनएमपीत (सी, फोर्ट्रान यांतील समांतर प्रोग्रॅमिंगच्या मानकात) आढळतो. इंटेलच्या रनटाइममध्ये काम संपलेला थ्रेड झोपण्यापूर्वी, वेगळी सूचना नसल्यास, २०० मिलिसेकंद नव्या कामाची वाट पाहत रिकाम्या चकरा मारत राहतो. इथे सीपीयू खरोखर खर्च होतो, फक्त काम काहीच होत नाही.