वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहारविहार : गोव्यातील संदर्भ

लठ्ठपणावर उपाय म्हणून जठरावर किंवा लहान आतड्यावर शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने पुढे आयुष्यभर पाळावयाच्या खाण्यापिण्याच्या, औषधांच्या आणि हालचालीच्या नियमांना शस्त्रक्रियोत्तर आहारविहार म्हणतात. बॅरिएट्रिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेने जठराचे आकारमान आणि भुकेची संप्रेरके बदलतात. घरातला स्वयंपाक मात्र आहे तसाच असतो. गोव्यात हा स्वयंपाक भात, नारळ, मासे आणि पाव यांभोवती फिरतो, म्हणून येथील रुग्णाला परक्या प्रांताचा किंवा परदेशी आहारतक्ता हातात देऊन भागत नाही. त्याच्या रोजच्या ताटातूनच नवी सवय घडवावी लागते आणि गोव्याच्या ताटात ती घडवण्याजोगे बरेच काही आहे.

मधुमेह आणि लठ्ठपणा हे दोन्ही प्रश्न गोव्यात तीव्र आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत देशभरात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात ते २६.४ टक्के म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. शस्त्रक्रियेचा विचार कोणी करावा याचे निकषही आशियाई लोकांसाठी निराळे आहेत : २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांच्या बाबतीत २७.५ बीएमआयपासूनच (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक) ही शस्त्रक्रिया सुचवता येते, कारण कमी वजनातही त्यांना मधुमेह जडतो.

प्रचलित पद्धती मुख्यतः दोन. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने त्याच काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचा पाया घातला.

शस्त्रक्रियेनंतर आहार पायऱ्यापायऱ्यांनी वाढवतात : आधी निवळ पातळ, मग दाट पातळ, मग कुस्करलेले, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न. प्रत्येक पायरीचा काळ शल्यचिकित्सकच ठरवतो. गोव्यातील घरांत या पायऱ्यांना नावे आधीपासून आहेत. नारळाचा रस न घातलेली, आमसुलांची फुटी कढी तिखट वगळून आणि गाळून दिल्यास निवळ पातळ आहारात बसते. पुढे नाचणीचे तिजाण गूळ न घालता, दुधात पातळ शिजवून देता येते. पेज मात्र जपून द्यावी. आजारी माणसाला पेज हा गोमंतकीय घराचा पिढीजात उपचार आहे, आणि तो प्रेमाने केला जातो. पण पेजेत मुख्यतः पिष्टमय पदार्थ असतात, आणि एवढ्याशा जठरात ती मावली की प्रथिनांना जागा उरत नाही. जखम भरून येण्याच्या याच काळात प्रथिनांची गरज सर्वांत मोठी असते.

प्रथिने हाच या आहाराचा कणा होय. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे सांगितले जाते, आणि एका वेळी अर्धी-पाऊण वाटीच खाता येत असल्यामुळे ती गाठणे कठीण असते. येथे ताटातला क्रम बदलावा लागतो. गोव्यात आधी भाताचा ढीग, त्यावर हुमण म्हणजे माशाची आमटी आणि कडेला माशाची तुकडी असे वाढले जाते. शस्त्रक्रियेनंतर आधी मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन चमचे भात असे जेवावे लागते. मुडदुशीसारखा मऊ मांसाचा मासा यासाठी उत्तम. तो वाफवून किंवा पातळ आमटीत शिजवून, काटे काढून, बोटांनी सुटा करून बशीत घ्यावा, चहाच्या चमच्याने खावा, आणि घास तोंडात पूर्ण विरघळेपर्यंत चावावा. एवढ्याशा बशीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पहिले काही आठवडे हे फार संथ वाटते, पण घाईने गिळलेला एक घास छातीत अडकला की पुढचा तासभर कळ सोसावी लागते. रव्यात घोळून तळलेला बांगडा आणि नारळाचे दाट वाटप यांतील स्निग्धांशामुळे अनेकांना मळमळते. तोच बांगडा तव्यावर थेंबभर तेलात भाजला तर चालतो.

पाव हा वेगळाच विषय आहे. पहाटे पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंगा ऐकल्यावर दारात जाणे हा गोव्यातला दिवसाचा आरंभ असतो, आणि भाजी-पाव सोडणे अनेकांना भातापेक्षा जड जाते. परंतु मऊ पांढरा पाव चावला की त्याचा चिकट गोळा होतो, आणि तो जठराच्या अरुंद वाटेत अडकतो. पहिले काही महिने पाव टाळून पुढे कोंड्याच्या पोईचा कुरकुरीत भाजलेला तुकडा घेऊन पाहावा.

पाणी जेवणाबरोबर पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोटघोट प्यावे. गोव्याच्या दमट उकाड्यात दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पोटात जाण्यासाठी बाटली सतत जवळ ठेवावी लागते.

वर्षातला कसोटीचा काळ पावसाळ्याचा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, ताजे मासे महागतात, आणि ताटात सुकी मासळी व खाऱ्या माशांचे पदार्थ येतात, ज्यात मीठ भरपूर असते. पाठोपाठ श्रावण लागला की अनेक हिंदू घरांत मासे पूर्ण बंद होतात. अशा वेळी प्रथिनांची भिस्त अंडी, दही, पनीर, मुगागाठी (मोडाच्या मुगांची भाजी), आळसांद्यांचे म्हणजे चवळीचे तोणाक (रस्सा) यांवर ठेवावी, आणि ज्यांच्या घरी अंडेही चालत नाही त्यांनी प्रथिन पावडरीचा सल्ला आधीच घेऊन ठेवावा. उपवासाची साबुदाण्याची खिचडी या शरीराला काहीच देत नाही.

चवथीच्या नेवऱ्या, पातोळ्या आणि नाताळची बेबिंका या गोड पदार्थांचा धोका केवळ वजनाचा नसतो. विशेषतः बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते आणि दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा व जुलाब असा त्रास होतो. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर खाली येऊन चक्कर येते. मधुमेहाच्या औषधांची जुनी मात्रा तशीच चालू ठेवणाऱ्याला हे जिवावर बेतू शकते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच औषधांची मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी लागते.

मद्याविषयी गोव्यात स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात मद्यार्क सुमारे ४२ टक्के असतो, आणि सर्दी-खोकल्यावर घरगुती औषध म्हणूनही ती चमच्याने दिली जाते. बायपास झालेल्या शरीरात मद्य लवकर रक्तात मिसळते, त्याची पातळी आधीपेक्षा वर जाते आणि ती ओसरायलाही वेळ लागतो. पूर्वी दोन पेल्यांनी न हलणारा माणूस एकाच पेल्याने गाडी चालवण्यास असमर्थ होतो, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले. दुसरे वर्ष महत्त्वाचे आहे : तोवर वजन उतरलेले असते, घरच्यांची काळजी सैल झालेली असते, आणि उन्हाळ्यात थंडपेयात मिसळलेला उर्राक (काजूची सौम्य दारू) निरुपद्रवी वाटतो. पहिले वर्षभर मद्य संपूर्ण वर्ज्य करावे, आणि ज्याच्या घरात व्यसनाचा इतिहास आहे त्याने ते कायमचे वर्ज्य करावे, हेच हिताचे.

‘रोज मासे खातो, मग बी-१२ ची गोळी कशाला’ हा प्रश्न गोव्यात स्वाभाविक आहे. माशांत बी-१२ भरपूर असते हे खरे. पण ते अन्नातून सुटे होण्यास जठरातील आम्ल आणि शोषले जाण्यास जठरातच स्रवणारा एक घटक लागतो, आणि शस्त्रक्रियेने ही दोन्ही कमी होतात. म्हणून बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागतात. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपात, दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, विभागून घ्यावे. लोहाच्या गोळीपासून त्याला दोन तासांचे अंतर असावे. उकड्या तांदळात साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा बी-१ अधिक टिकते, पण दोन चमचे भातातून ते पुरेसे मिळत नाही. उलट्या थांबत नसतील तर बी-१ अभावी मेंदूला इजा होऊ शकते, त्यामुळे अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न घालवता रुग्णालय गाठावे. बायपास झालेल्यांनी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, त्यांनी जोडाजवळ व्रण होतो. धूम्रपानाचेही तेच.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि रुग्ण, विशेषतः स्त्रिया, घाबरून जातात; प्रथिने व लोह पुरेसे असल्यास ते पुन्हा येतात. गर्भधारणा बारा ते अठरा महिने लांबवावी.

आठवड्याला १५० मिनिटे चालणे हे किमान उद्दिष्ट होय. कोरड्या दिवसांत मिरामारचा किनारा किंवा गावातली शेतवाट पुरते. संततधारेत घराची पडवी आणि जिना वापरावा लागतो. स्नायू टिकवण्यासाठी हलकी वजने उचलण्याचा व्यायाम जोडावा.

या सर्वांत सर्वांत नाजूक जागा पंगतीची असते. ‘आणखी एक तुकडी घे गो बाय, काहीच जेवली नाहीस’ या आग्रहामागे माया असते, आणि नकार दिला तर वाढणारी दुखावते. यावर अनुभवी रुग्णांनी शोधलेली वाट साधी आहे : यजमानीणबाईंना आदल्या दिवशी फोन करून सांगणे, स्वतःची लहान वाटी बरोबर नेणे आणि पंगतीत शेवटपर्यंत बसून गप्पांत भाग घेणे. घरातला स्वयंपाक सांभाळणारी व्यक्ती आहारतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीला बरोबर असावी, कारण भाताआधी मासा वाढायचा हे तिच्या हातात असते. दीड-दोन वर्षांनी भूक काही अंशी परतते आणि वजन पुन्हा चढू लागण्याची शक्यता असते. म्हणून रक्ततपासण्या पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी, बरे वाटत असले तरी, करून घ्याव्या लागतात.