तळव्यातला रहाट आणि बुटातला सोल

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, आणि लष्करभरतीसाठी पहाटे धावणारी मुलं आसपासच्या गावोगावी आहेत. ‘तुझा पाय सपाट आहे’ या एका वाक्यानं त्यांची झोप उडते. मग घरचे लोक बुटात घालायचे कमानदार सोल आणतात, कारण ते वापरून पायाला कमान येते असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ती येत नाही. वाढ पूर्ण झालेल्या पायाचा आकार सोलनं बदलत नाही. बूट काढला की पाय होता तसाच. मुळात सपाट पाय हा आजारच नव्हे. लष्कराच्या अधिकारी-प्रवेशाच्या वैद्यकीय मानकांतही चवड्यावर उभं राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, पाय लवचीक असेल, दुखत नसेल आणि चवड्यांवर नीट धावता येत असेल, तर उमेदवार पात्र ठरतो.

पण टाच उचलली की सपाट पायात कमान येते कुठून? सोल कुणाला उपयोगी आणि कुणाला नाही, याचं निम्मं उत्तर या प्रश्नात आहे.

टाचेच्या हाडाच्या खालच्या अंगाला एक जाड, चिवट पट्टा बांधलेला असतो. तो तळव्यातून पुढे जातो, चवड्याशी त्याला पाच फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एकेका बोटाच्या मुळाशी जोडला जातो. हा प्लांटर फॅशिया. रबरासारखा तो ताणला जात नाही, त्याची जात सुंभाच्या दोराची. 1954 साली हिक्स नावाच्या संशोधकानं त्याच्या कामाची तुलना दोर गुंडाळणाऱ्या यंत्राशी केली. आपल्याकडे त्यासाठी विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणावा. फॅशिया हा दोर, चवड्यातल्या लांब हाडांची गोल टोकं हे चाक, आणि बोटं ही चाक फिरवायची मूठ. बोटं वर वळली की दोर चाकावर गुंडाळला जातो. दोराची लांबी तर वाढत नाही, म्हणून टाच चवड्याकडे ओढली जाते आणि मधली कमान वर उचलते.

प्रत्येक पावलात हे घडतं. पाय जमिनीवर टेकतो तेव्हा तो सैल होऊन बांधावरच्या ढेकळांशी जुळवून घेतो. टाच उचलताना बोटं वाकतात, रहाट फिरतो, आणि तोच सैल पाय कडक तरफ होऊन शरीर पुढे ढकलतो. घरी पाहायचं असेल तर एकाला अनवाणी, सैल उभं करा आणि दुसऱ्यानं त्याचा फक्त अंगठा वर उचला. कमान उठताना दिसेल, आणि नडगी किंचित बाहेरच्या बाजूला वळतानाही जाणवेल.

यात एक अट आहे. अंगठा वर वळायचा तर त्याच्यामागचं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, पुढच्या टोकाशी थोडं खाली उतरावं लागतं. त्याला खाली जागाच मिळाली नाही तर अंगठा अडतो आणि रहाट अडकून बसतो. ही अट लक्षात ठेवा, सोल निवडताना ती लागणार आहे.

आता दुखण्याकडे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाचेत खुपसल्यासारखं होतं, चालल्यावर कमी होतं, आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणकतं. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या मागांवर किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यांत सिमेंटच्या फरशीवर पाळी काढणाऱ्यांना हे दुखणं सांगून समजावं लागत नाही. दोर टाचेला जिथे बांधला आहे तिथेच ही तक्रार असते. एक्स-रे काढला की ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं कानावर येतं आणि माणूस घाबरतो. पण तसला काटा ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही दिसतो. काट्यावर उपचार करायचा नसतो, दोरावरचा ताण कमी करायचा असतो.

सोल तेवढंच करतो: ताण आणि दाब दुखऱ्या जागेवरून काढून दुसरीकडे वाटतो. म्हणून ‘माझी कमान किती खाली आहे’ हे विचारण्यापेक्षा ‘दुखऱ्या जागेचा भार हलका केला तर बरं वाटतं का’ हे विचारावं. ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवून किंवा दुकानातल्या रंगीत स्कॅनवर पाहून याचं उत्तर मिळत नाही. उभ्या पायाचा ठसा दुखण्याबद्दल फार थोडं सांगतो.

खर्च करण्याआधी पट्टीनं चाचणी घेता येते. औषधाच्या दुकानात मिळणारी न ताणणारी चिकटपट्टी घ्या, सुमारे 4 सेंटिमीटर रुंद. पाय धुऊन पूर्ण कोरडा करा. करंगळीच्या मुळामागून सुरुवात करून पावलाच्या कडेनं टाचेमागून वळसा घ्या आणि पट्टी अंगठ्याच्या मुळामागे आणून चिकटवा. त्या वेळी अंगठ्यामागचा चवडा हलकेच खाली दाबून धरा. मग तळव्यावर बाहेरून आत ओढत तीन-चार आडव्या पट्ट्या एकमेकींवर अर्ध्या चढवून लावा. पावलाच्या वरच्या बाजूनं पूर्ण वेढा घालू नका, नाहीतर पाय सुजला की पट्टी आवळते. एक दिवस नेहमीसारखं काम करा. दुखणं स्पष्ट कमी झालं तर सोलचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. काहीच फरक नसेल तर सोलवर पैसे घालण्याआधी निदान पुन्हा तपासून घ्या. खाज किंवा पुरळ आली तर पट्टी लगेच काढा. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी हा प्रयोग करूच नये.

सोल घेतानाही तयार, अर्धकडक सोलपासून सुरुवात करावी. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाचदुखीच्या 135 रुग्णांना तयार सोल, पायाच्या मापानं बनवलेले सोल आणि नुसत्या पातळ फोमचे नकली सोल असे वाटून दिले होते. तीन महिन्यांनी खऱ्या सोलवाल्यांची हालचाल थोडी सरस होती, मापाचा आणि तयार यांत फरक जवळजवळ नव्हता, आणि वर्षभरानं तिन्ही गट सारखेच झाले. महाग सोल अधिक गुणकारी, हा समज इथे टिकत नाही.

दुकानात सोलवर अनवाणी उभे राहा आणि सोबतच्याला अंगठा उचलायला सांगा. फरशीवर उभं असतानापेक्षा अंगठा जड लागत असेल तर तो सोल तुमच्यासाठी नाही: त्याचा कडक भाग फार पुढे आला आहे किंवा कमान फार उंच आहे. कडक भाग चवड्याच्या मागे संपला पाहिजे. चवडा दुखणाऱ्यांसाठी जो थेंबाच्या आकाराचा उंचवटा असतो, तोही दुखऱ्या हाडांच्या बरोबर मागे हवा. हाडांच्या खाली आला तर दुखणं वाढतं, आणि ही चूक फार होते.

आणि बूट? त्यातला मूळ सोल काढता यायला हवा, टाचेमागची भिंत दाबल्यावर कोसळता कामा नये. जुन्या सोलवर नवा चढवला की टाच वर येऊन बुटातून निसटते. पोलादी टोपीच्या सेफ्टी शूजमध्ये बोटांची जागा जाते, तिथे अर्धा नंबर मोठा लागतो. अथणी-निपाणीकडची कातडी कोल्हापुरी, जिला 2019 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकाच्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यात सोल बसवायला ना कड आहे ना खोली. टाचदुखी असेपर्यंत कामावर बूटच बरे. नवा सोल पहिल्या दिवशी एक तास वापरावा, मग रोज एकेक तास वाढवावा. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर रेटू नये.

सोलच्या जोडीला व्यायाम हवाच. पायरीच्या कडेवर उभं राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे रहाट आधीच ताणलेला राहील. एका पायावर तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. दमछाक होईल अशा बारा आवृत्त्या, तीन फेऱ्या, दिवसाआड. पुढे पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन भार वाढवायचा. डेन्मार्कमधल्या एका छोट्या चाचणीत तीन महिन्यांनंतर नुसत्या तळवा ताणण्याच्या व्यायामापेक्षा हा सरस ठरला.

चुंबक बसवलेले सोल जत्रेत आणि मोबाइलवर खपतात. 2003 साली 101 जणांवर आठ आठवडे त्यांची तपासणी झाली. खरं चुंबक आणि खोटं चुंबक यांत फरक निघाला नाही. त्यात पैसे घालू नका.

लहान मुलांच्या बाबतीत तर घाई करूच नये. तीन-चार वर्षांच्या पोराचा पाय सपाटच दिसतो, कमान पुढे हळूहळू घडते. दुखत नसेल तर सोल नको. राव आणि जोसेफ यांनी कर्नाटकातच 2300 मुलं पाहून 1992 मध्ये लिहिलं की बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के होते, अनवाणी मुलांत 2.8 टक्के. मोठ्या माणसाची एकाच पायाची कमान मात्र खचत चालली, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आली आणि त्या पायावर टाच उचलता येईना, तर कमान उचलून धरणारा स्नायुबंध निकामी होत असल्याचा तो इशारा असू शकतो. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञाकडे लगेच जावं. तिथे सोल लवकर मिळणं महत्त्वाचं असतं.

मधुमेहात सोलचा हेतूच वेगळा: दुखणं घालवणं नव्हे, जखम टाळणं. बधिर पायाला कडक कमान घातली तर फोड आल्याचंही कळत नाही. तिथे मऊ एमसीआरचा (मायक्रोसेल्युलर रबराचा) थर आणि खाली टणक तळ असलेली चप्पल किंवा मापाचा सोल लागतो. पाय बधिर आहे का हे पाहायला घरच्या माणसानं रुग्णाला डोळे मिटायला सांगावं आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला व करंगळीला टोकाशी एक-दोन सेकंद बोटानं हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, गुदगुल्या करू नयेत. सहांपैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर डॉक्टरांना पाय दाखवावा, आणि तोवर चप्पल घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा, खिळा नाही ना हे पाहावं.