ऑस्ट्रेलियन आदिवासी स्त्रियांचा सामाजिक व कायदेशीर दर्जा

ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी व टास्मानिया येथील मूळ रहिवासी समाजांतील स्त्रियांचे विवाह, धार्मिक विधी, जमीन आणि कायदा यांच्या संदर्भातील स्थान. टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरील समाज वेगळे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत स्थापन झाली तेव्हा या खंडात अडीचशेच्या आसपास भाषा बोलल्या जात असाव्यात. त्यामुळे सर्व समाजांना सारखेच लागू पडेल असे विधान क्वचितच करता येते. आग्नेय भाग व टास्मानिया येथील समाजजीवन वसाहतीच्या पहिल्या काही दशकांतच विस्कटले. साहजिकच उपलब्ध वर्णने मुख्यतः मध्य वाळवंट, वायव्येकडील किम्बर्ली आणि उत्तरेकडील आर्नहेम लँड व तिवी बेटे येथील आहेत.

अन्नसंकलन हे स्त्रियांचे नेहमीचे काम होते. कंद, बिया, फळे व लहान प्राणी त्या खणण्याची काठी आणि खोलगट लाकडी पात्र यांच्या साहाय्याने मिळवीत. वाळवंटी भागात रोजच्या आहाराचा भरवशाचा भाग त्यांच्याकडूनच येई. बहुपत्नीत्व रूढ होते आणि वधू वयाने बरीच लहान असे. विवाह बहुधा वाग्दानाने ठरत. तिवी समाजात तर मुलगी वयात येताच तिला पुढे होणाऱ्या मुलींसाठी वर नेमला जाई आणि त्या भावी जावयाला सासूची अन्नसेवा करावी लागे. १९२८-२९ मध्ये तेथे राहिलेल्या मानवशास्त्रज्ञ सी. डब्ल्यू. एम. हार्ट यांना या व्यवस्थेत वृद्ध पुरुषांच्या प्रतिष्ठेचे भांडवल म्हणून वापरल्या जाणाऱ्या स्त्रिया दिसल्या. पुढे जेन गुडेल यांनी त्याच समाजाची मांडणी स्त्रीच्या आयुष्यक्रमावरून केली, तेव्हा सासू या नात्याने स्त्रीच्या हाती येणारा अधिकार प्रथमच ठळक झाला. दोन्ही वर्णनांतील रूढी जवळपास त्याच आहेत. फरक पडला तो माहिती कोणाकडून घेतली यामुळे.

धार्मिक जीवनातील स्थानाबद्दलचा वाद अधिक जुना व अद्याप न मिटलेला आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांच्या पवित्र आणि लौकिक या विभागणीचा आधार घेऊन लॉइड वॉर्नर यांनी १९३७ मध्ये ईशान्य आर्नहेम लँडविषयी असे प्रतिपादन केले, की पुरुष वयोमानाप्रमाणे विधींच्या पायऱ्या चढत पवित्र क्षेत्रात प्रवेश करतात, स्त्रिया मात्र बहुतांशी लौकिकातच राहतात. दोनच वर्षांनी फिलिस केबरी यांनी किम्बर्लीतील क्षेत्रकार्याच्या आधारे याला हरकत घेतली. स्त्रियांचे स्वतःचे गुप्त विधी असतात, त्यांतून पुरुषांना वगळले जाते आणि भूमीशी व पूर्वज-शक्तींशी स्त्रीचे नाते पुरुषामार्फत नसून थेट असते, असे त्यांनी दाखविले. १९७० मध्ये इझोबेल व्हाइट यांनी स्त्रियांना ‘कनिष्ठ भागीदार’ म्हणून मध्यममार्ग काढला.

डायान बेल यांनी १९७० नंतरच्या दशकात मध्य ऑस्ट्रेलियातील वॉराब्री (आताचे अली कुरंग) येथे अभ्यास केला. तेथे ‘जिलिमी’ नावाचा स्त्रियांचा स्वतंत्र तळ असे. विधवा, पुनर्विवाह नको असलेल्या, नवऱ्याशी भांडून आलेल्या किंवा पाहुण्या म्हणून आलेल्या स्त्रिया तेथे राहत. पुरुषांना मज्जाव असे. ‘यावुल्यू’ या स्त्रीविधींची आखणीही बरीचशी येथेच चाले. आदिवासींना सरकारी वस्त्यांवर आणून बसविल्यानंतर पुरुषाला कुटुंबप्रमुख मानून घरे, शिधा व वेतन देण्यात आले आणि त्यामुळे स्त्रियांची मूळची स्वायत्तता घटली, असा बेल यांचा निष्कर्ष आहे. जिलिमीचे आजचे स्वरूपच वस्तीजीवनातून घडले असावे, ते वसाहतपूर्व काळावर लादता येत नाही, हा टीकाकारांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि स्वतंत्र स्त्रीविधी ही अलीकडची घडामोड नव्हे, एवढे केबरी यांच्या पुराव्यावरून मान्य करण्यास हरकत नसावी.

कायद्याच्या बाबतीत साधने विपुल आहेत. व्हिक्टोरियाने १८६९ मध्ये, क्वीन्सलँडने १८९७ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०५ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने १९०९ मध्ये ‘संरक्षण’ कायदे केले. १९०५ च्या कायद्यान्वये मुख्य संरक्षक हा अधिकारी सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी व मिश्रवंशीय मुलाचा कायदेशीर पालक ठरला. जन्मदात्रीचा हक्क त्यापुढे गौण झाला. आदिवासी स्त्रीला आदिवासीतर पुरुषाशी विवाह करण्यास मुख्य संरक्षकाची परवानगी लागे आणि विवाहाविना सहवास हा गुन्हा होता. अशी बंधने नॉर्दर्न टेरिटरीत बराच काळ टिकली. १९५९ मध्ये ग्लॅडिस नमागू या स्त्रीला मिक डेली या गोऱ्या गुराख्याशी विवाह करण्याची परवानगी कल्याण संचालकाने नाकारली. प्रकरणाचा देशाबाहेरही गवगवा झाल्यानंतर ती मिळाली. न्यू साउथ वेल्समध्ये कूटामंड्रा येथील गृहात मुलींना घरकामाचे शिक्षण देऊन मोलकरीण म्हणून पाठवीत. त्यांच्या मजुरीचा मोठा भाग आदिवासी संरक्षण मंडळाकडे जमा होई आणि पुष्कळ जणींना तो कधीच मिळाला नाही.

मताधिकाराचा इतिहास सरळ नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९४ मध्ये स्त्रियांना दिलेल्या मताधिकारातून आदिवासी स्त्रिया वगळल्या नव्हत्या आणि १८९६ मध्ये पॉइंट मॅक्ली (राउकन) येथील स्त्रियांनी मतदानही केले. १९०२ च्या राष्ट्रकुल मताधिकार कायद्याने गोऱ्या स्त्रियांना मत दिले, तर राज्यात आधीच हक्क असलेल्यांचा अपवाद सोडून आदिवासींना नाकारले. या अपवादाचाही अर्थ अधिकाऱ्यांनी आकुंचित केला. राष्ट्रीय पातळीवर सर्वांना हक्क १९६२ मध्ये मिळाला. १९६७ च्या सार्वमताने तो दिला, हा समज चुकीचा आहे. त्या सार्वमताच्या मोहिमेत फेथ बँडलर यांचे कार्य मोठे होते.

नॉर्दर्न टेरिटरीच्या १९७६ च्या जमीन हक्क कायद्यामुळे दर्जाचा जुना वाद न्यायासनापुढे आला. सुरुवातीच्या दाव्यांत वंशपरंपरा पुरुषाकडून मोजण्याकडे कल असे व साक्षीदारही बहुधा पुरुष असत. पुढे स्त्रियांची साक्ष स्वतंत्रपणे, क्वचित केवळ स्त्रियांसमोर, नोंदविली जाऊ लागली. गुप्त ज्ञान पुरावा म्हणून मांडण्यातील पेच दक्षिण ऑस्ट्रेलियातील हिंडमार्श बेटावरील पुलाच्या वादात उघड झाला. तेथील ङारिन्ड्येरी स्त्रियांच्या गुप्त श्रद्धेच्या आधारे केंद्रीय मंत्र्यांनी १९९४ मध्ये बांधकामावर बंदी घातली. पण ही श्रद्धा बनावट असल्याचा निर्णय १९९५ मध्ये राज्याच्या रॉयल कमिशनने (चौकशी आयोगाने) दिला. तिच्यावर विश्वास असणाऱ्या स्त्रियांनी त्यापुढे साक्ष दिली नव्हती. २००१ मध्ये संघीय न्यायालयाचे न्यायाधीश जॉन फॉन दूसा यांना ती बनावट असल्याचे पटले नाही. तोवर पूल बांधून झाला होता. २०१० मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकारने या न्यायालयीन निष्कर्षाला मान्यता दिली.