पाळणाघरामुळे पोर ‘कमकुवत’ होत नाही

सकाळी पावणेआठ. तव्यावर पोळी, बाळाच्या काखेत थर्मामीटर, पारा १०१वर. आज रजा कोणाची, यावर नवरा-बायकोची नजरानजर. तेवढ्यात गावाहून फोन येतो: “पाळणाघरात टाकलंत ना, म्हणून प्रतिकारशक्ती गेली. आई घरी असती तर...”

हे साफ चुकीचं आहे. (वाक्यात बाबा कधीच नसतो, ते वेगळंच.)

आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीज) पहिल्या काही महिन्यांत ओसरतात. पुढे प्रत्येक विषाणूशी बाळाची ओळख नव्याने होते आणि सर्दीचे विषाणू दोनशेच्या वर आहेत. घरात वाढणाऱ्या धडधाकट बाळालाही वर्षाला ६ ते ८ वेळा सर्दी होते. पाळणाघरात जाणाऱ्याला १०-१२ वेळाही. एकेक खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणून पावसाळाभर ‘सारखं आजारीच’ वाटतं. पण हीच मुलं शाळेत गेल्यावर घरी राहिलेल्यांपेक्षा कमी आजारी पडतात, असं दीर्घकालीन अभ्यासांत दिसलंय. आजार वाढत नाहीत, आधी उरकतात.

साध्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, शेंबूड हिरवा झाला तरी. वजन वाढत नसेल, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला असेल, तर मात्र नीट तपासण्या हव्यात. आणि वर्षावरच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त झाला, तर मीटिंग गेली खड्ड्यात, लगेच डॉक्टर गाठा.

बाकी, ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली. दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही. एचआरला विचारून बघा.