उन्हाळी भाज्या : बी कधी पेरायचं, रोप कधी लावायचं

होळी जळाली, थंडी पळाली, की आमच्या रोपवाटिकेत गर्दी सुरू होते. गच्ची रिकामी आहे, मुलांना सुट्ट्या लागतील, टोमॅटोची रोपं द्या, असं म्हणत मंडळी येतात. रोपं आमच्याकडे असतात आणि मागितली तर आम्ही देतोही, पण त्या वेळी टोमॅटो देताना मनाला बरं वाटत नाही. होळीला लावलेलं रोप एप्रिलच्या मध्यावर फुलावर येतं, आणि तेव्हा गच्चीवर दुपारी उभं राहवत नाही. फुलाच्या देठावर मधोमध एक बारीक गाठ असते. ती पिवळी पडते आणि बोट लागलं तरी फूल गळून हातात येतं. खत कमी पडलं म्हणून लोक खत घालतात, पाणी वाढवतात. खरं कारण ऊन असतं. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर जायला लागलं आणि रात्रीही गारवा उरला नाही, की टोमॅटोचा पराग निकामी होतो आणि फळ धरत नाही.

म्हणून हे पत्रक आम्ही डिसेंबरातच हातात देतो आहोत. आपल्याकडच्या उन्हाळी बागेचं गणित उन्हापासून मागे मोजायचं असतं. थंड देशांत लोक शेवटचं गोठलेलं दव कधी पडेल ते बघून पेरणी ठरवतात. आपल्याला एप्रिलचं ऊन बघून ठरवावी लागते.

टोमॅटोचं उदाहरण घेऊ

मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फूल हवं. रोप लावल्यापासून फुलायला साधारण महिना जातो, म्हणजे रोप जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कुंडीत गेलं पाहिजे. कप्प्यांच्या ट्रेमध्ये रोप तयार व्हायला 25 ते 30 दिवस लागतात आणि थंडीत आणखी थोडे. म्हणजे बी पडलं पाहिजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, फार तर नव्या वर्षाच्या पहिल्या दोन-चार दिवसांत. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी संक्रांतीनंतर आमच्याकडून तयार रोप न्यावं. पण रथसप्तमी उलटल्यावर टोमॅटोचा हट्ट धरू नये. भेंडी, गवार, काकडी लावावी.

मिरची आणि वांगं उन्हाला टोमॅटोपेक्षा बरंच जास्त सोसतात. मिरचीचं रोप व्हायला 35 ते 40 दिवस, वांग्याचं 30 ते 35 दिवस. दोन्ही फेब्रुवारीत लागली तरी चालतात.

हे सगळं पुणे, सातारा, नाशिक या पठारी भागाचं झालं. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यालगत रात्री एवढ्या गार होत नाहीत, तिथे सगळं दोन-तीन आठवडे आधी उरकता येतं. विदर्भातल्या ग्राहकांनी तर टोमॅटो आणखी लवकर लावावा.

बी उगवलं नाही, ही तक्रार

जानेवारीत सगळ्यात जास्त तक्रार मिरचीच्या बियांची येते. मिरचीला उगवायला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. पुण्यात त्या दिवसांत पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास असतो. बी मेलेलं नसतं, गारठून बसलेलं असतं. एका वर्षी आम्ही स्वतः मिरचीचे ट्रे उघड्यावर ठेवले होते. दोन आठवडे काही दिसेना, म्हणून बियांनाच दोष देऊन ट्रे कोपऱ्यात सरकवले. तो कोपरा भट्टीच्या भिंतीला लागून होता. पाचव्या दिवशी बघतो तर सगळे कप्पे हिरवे.

तेव्हापासून आम्ही सांगतो : पेरलेला ट्रे घरात, फ्रिजच्या डोक्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या उबदार फळीवर ठेवा. वरून ओलसर वर्तमानपत्र टाका आणि रोज सकाळी उचलून बघा. पहिला पांढरा वाकडा कोंब मातीतून मान वर काढताना दिसला, की त्याच दिवशी कागद काढून ट्रे उन्हात न्या. इथे एक दिवसही उशीर करू नका. अंधारात राहिलेलं रोप लांबट, फिकट होतं आणि पुढे कितीही ऊन दिलं तरी ते बळ धरत नाही.

पाकिटावरची उगवणशक्तीही वाचा. नियमाप्रमाणे मिरचीला किमान 60 टक्के, टोमॅटो-वांग्याला 70 टक्के आणि भेंडीला 65 टक्के उगवण असावी लागते. म्हणजे मिरचीचे दहातले सहा दाणे उगवले तर ते बी खराब नाही. दहा रोपं हवी असतील तर सतरा-अठरा बिया टाका. मागच्या वर्षीचं पाकीट घरात असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेत ठेवा आणि किती मोड येतात ते मोजा, म्हणजे ट्रे फुकट जाणार नाही. गुलाबी किंवा निळा रंग चढवलेल्या बियांना बुरशीनाशक लावलेलं असतं. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि पाकीट मुलांच्या हाती लागू देऊ नका.

ट्रे भरताना

तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी पिळून टाका आणि पुन्हा एकदा धुवा. त्यात खार असतो, न धुतलं तर कोवळ्या मुळांना तो बाधतो. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, त्याहून खोल नको. पाणी झारीने, सकाळीच. संध्याकाळी पाणी दिलेला ट्रे रात्रभर ओला राहतो, आणि मग एके दिवशी उभी रोपं बुंध्याशी काळी बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात. ही रोपकोलमड. एकदा लागली की शेजारचे कप्पेही जातात. पेरतानाच मिश्रणात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळलेली बरी. आमचे सगळे ट्रे तसेच भरतो.

लावणीच्या आधी आठवडाभर पाणी थोडं कमी करा आणि रोपांना रोज जास्त वेळ बाहेरच्या उन्हावाऱ्यात ठेवा. थेट घरातून गच्चीवर गेलेलं रोप दुसऱ्या दिवशी पानं करपवून बसतं. लावणी नेहमी ऊन उतरल्यावर करा. टोमॅटो लावताना खालची पानं काढून खोड खोल गाडा, त्याला खोडावरही मुळं फुटतात. मिरची आणि वांगं मात्र ट्रेमध्ये होतं तेवढंच खोल.

ज्यांची रोपं आम्ही विकत नाही

भेंडी, गवार, चवळी यांची रोपं मागू नका. बी घ्या आणि थेट जागेवर टोका. त्यांचं सोटमूळ उपटून लावलेलं सोसत नाही. भेंडीचं बी रात्रभर भिजवून, थंडी ओसरल्यावर, म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर टोकलं तर छान उगवतं. गार मातीत ते कुजतं. वाण निवडताना हळद्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला, तोंड देणारं बघा. परभणी क्रांती, अर्का अनामिका ही जुनी सरळ, म्हणजे संकरित नसलेली वाणं आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं.

काही वेलभाज्यांची बियाणी टणक असतात. कारल्याचं बी 24 तास भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, मोड आला की पेरा. काकडी, दुधी, दोडका कागदी पेल्यात पेरून, दोन-तीन पानांवर असताना पेल्यासकट लावले तरी चालतात. मुळांना हात लावायचा नाही एवढंच.

दुधी आणि दोडक्याबद्दल मार्चमध्ये हमखास एक फोन येतो : फुलं भरपूर, फळ एकही नाही. पहिले काही दिवस नुसती नर फुलं येतात, तो त्यांचा स्वभावच आहे. मग मादी फुलं येतात, पाकळ्यांखाली बोटभर इवलासा दुधी असतो त्यावरून ती ओळखू येतात. पण दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, मधमाश्या घरी परतल्यावर. शेतात रात्रीचे पतंग काम करतात, चौथ्या मजल्यावर ते येतीलच असं नाही. तेव्हा दिवेलागणीला वर जा, ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलके टेकवा. दोन दिवसांत इवला दुधी मान खाली घालून फुगायला लागला तर काम झालं. पिवळा पडला तर पुन्हा करा. घोसाळ्याची फुलं मात्र पहाटे उमलतात, ती सकाळी.

उन्हाची तयारी

पाडव्याच्या आत हिरवी शेडनेट बांधून ठेवा, 35 ते 50 टक्क्यांची. एप्रिलमध्ये घाईत बांधलेली जाळी पहिल्या वळवात उडते. कुंडीच्या तोंडाशी वाळलेल्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं चार बोटं जाड आच्छादन करा. काळ्या ग्रोबॅगेवर थेट ऊन पडलं की आतली मुळं भाजतात, बाजूने गोणपाट गुंडाळा. टोमॅटो-वांग्याला 12 इंचांहून लहान कुंडी नको, दुधीला शक्य तितकी मोठी. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे रोप लावतानाच टांगा. तीच माशी टोमॅटोत बोकड्या, म्हणजे पानं आवळण्याचा रोग, पसरवते, आणि पानं एकदा आवळली की औषध नाही. असं रोप उपटून टाका, जीव तुटला तरी.

मेथी-पालक फेब्रुवारीनंतर पेरू नका, लगेच तुऱ्यावर जातात. त्या जागी तांबडा माठ टाका. तो महिनाभरात कापणीला येतो आणि मे महिन्यातही साथ देतो.

आमच्याकडे येताना

गच्चीत किंवा गॅलरीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते एका सुट्टीच्या दिवशी बघून लिहून आणा. कुंड्यांची संख्या आणि माप सांगा. चार तासांहून कमी ऊन असेल तर आम्ही फळभाज्यांची रोपं देणार नाही, पालेभाज्या सुचवू. टोमॅटो, मिरची, वांग्याच्या रोपांची नोंदणी 31 डिसेंबरपर्यंत करा, म्हणजे तेवढेच ट्रे भरता येतात. रोपं न्यायला सकाळी ऊन चढायच्या आत किंवा पाचनंतर या, आणि लावून झाली की रिकामे ट्रे परत आणून द्या. धुऊन, वाळवून आम्ही ते पुढच्या हंगामाला वापरतो.