शेवंतीचा चहा: डोळ्यांच्या औषधाची ख्याती आली कुठून?

मागच्या वैशाखात पारोळ्याला फुईकडे गेलो होतो. आमच्या खान्देशात आत्याला फुई म्हणतात. बाहेर पारा ४४ च्या पुढे, ओसरीला ओला गोणपाट बांधलेला आणि फुईच्या हातात काचेचा ग्लास. ग्लासातल्या गरम पाण्यावर चार-पाच फुलं तरंगत होती. पाकिटात ती शर्टाच्या बटणासारखी चपटी, आवळलेली होती. पाणी पडल्यावर एकेक पाकळी सुटी होत गेली, पाण्याला फिकट पिवळा रंग चढला आणि ओल्या गवतासारखा किंचित गोडसर वास आला. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवानं हे पाकीट धाडलं होतं, आजीच्या डोळ्यांना थंडावा मिळावा म्हणून. "डोया भलता चुरचुरतस, भाऊ," असं म्हणत फुईनं एक घोट घेतला.

पाकिटावर दावे बरेच होते. दृष्टी सुधारते, रक्तदाब उतरतो, यकृत स्वच्छ होतं, अंगातली उष्णता कमी होते, आयुष्य वाढतं. आता जळगाव-धुळ्याच्या दुकानांतही असली पाकिटं दिसतात. हे दावे कालपरवा कुणी रचलेले नाहीत. त्यांची मुळं दोन हजार वर्षं मागे जातात. ती कुठं आणि कशात रुजली आहेत हे कळलं, की कोणत्या दाव्याला किती मान द्यायचा तेही ठरवता येतं.

आधी नावाचा गुंता सोडवू. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला वाहतो ती शेवंती आणि चहाची शेवंती एकाच जातकुळीतल्या. शास्त्रीय नाव क्रिसँथेमम, म्हणजे ग्रीक भाषेत सोन्याचं फूल. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये यातल्या रानटी पिवळ्या जातीला 'इंडिकम' म्हणजे भारतीय असं नाव दिलं. त्यावरून हे मूळचं आपलंच फूल असं कुणी लिहितं, पण ही जात मूळची चीन आणि त्याच्या आसपासच्या पूर्व आशियातली आहे. चहासाठी लावतात ती 'मॉरिफोलियम' जातही चीनमध्येच घडली. दुसरा घोळ 'सेवती' या शब्दाचा. हिंदी पट्ट्यात सेवती म्हणजे पांढऱ्या गुलाबाचा एक प्रकार. त्यामुळे जुन्या वैद्यकातले सेवतीचे गुण शेवंतीला चिकटवण्याआधी तो गुलाब तर नाही ना, हे पाहायला हवं. आपल्याकडे शेवंती देवाची, वेणीची आणि तोरणाची. रोज पिण्याची रीत चीनमधली.

शेन्नोंग या पुराणपुरुषाच्या नावावर चालणारा चिनी औषधीग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हान राजवटीत संकलित झाला. त्यात ३६५ द्रव्यांच्या तीन प्रती, म्हणजे तीन दर्जे, केल्या आहेत. खालच्या प्रतीची औषधं जहाल, रोग हटेपर्यंतच घ्यायची. वरच्या प्रतीची सौम्य, दीर्घकाळ घेतली तरी चालणारी. शेवंतीचा क्रम वरच्या प्रतीत लागला. 'दीर्घायुष्य देणारं फूल' ही ओळख तेव्हापासूनची.

त्याच राजवटीच्या अखेरीस, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, इंग शाओ नावाच्या लेखकानं नानयांग भागातल्या एका खोऱ्याची हकिगत नोंदवली. वरच्या डोंगरावर शेवंती माजलेली आणि तिचा अर्क घेऊन झरा खाली येतो. खाली तीसेक घरं, त्यांनी कधी विहीर खणली नाही, सगळे तेच गोड पाणी पितात. जास्त जगणारे १२०-१३० वर्षं जगतात, मधले शंभराच्या वर आणि सत्तर-ऐंशीला गेलेला तिथं अकाली गेला असं समजतात. ही हकिगत वाचली की मला चोपडा तालुक्यातलं उनपदेव आठवतं. अडावदजवळच्या त्या गरम झऱ्यात अंघोळ केली की कातडीचे विकार जातात, या श्रद्धेनं पिढ्यान्‌पिढ्या माणसं सातपुड्याच्या पायथ्याशी येतात. पाण्याला गुण कुठून आला याची गोष्ट माणूस सगळीकडे सांगतोच. फरक इतकाच, की नानयांगची गोष्ट पुढे वैद्यांनी आणि कवींनी उचलली आणि ती फुलाच्या अंगाला कायमची चिकटली.

सुरुवातीला शेवंती प्यायची ती मद्यात घालून. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला, म्हणजे साधारण आपल्या दसऱ्याच्या सुमारास, डोंगर चढायचा आणि शेवंतीचं मद्य घ्यायचं असा सण आहे. आठव्या शतकात ज्याओरान नावाचा बौद्ध भिक्खू कवी होऊन गेला. चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा लू यू हा त्याचा मित्र. दोघं अशाच एका नवमीला मठात चहा पीत बसले होते, त्यावर ज्याओरानची छोटी कविता आहे. लोक हे फूल मद्यावर तरंगवतात, पण ते चहाचा सुगंध खुलवतं हे कुणाला ठाऊक आहे, असं त्यात तो विचारतो. फुलाची वाट मद्याच्या पेल्याकडून चहाच्या पेल्याकडे वळताना दिसते ती इथं.

पुढचा प्रवास भरभर सांगता येतो. ११०४ मध्ये ल्यू मंग या चिनी लेखकानं फक्त शेवंतीच्या वाणांवर पुस्तक लिहिलं. ली शिझेन या वैद्याचा प्रचंड औषधीकोश १५९६ मध्ये छापून आला, त्यातही ती आहे. १७९८ मध्ये वू जुथोंग या वैद्यानं ज्वरांवरच्या ग्रंथात तुतीची पानं आणि शेवंती यांचा काढा दिला. सर्दी-खोकल्याच्या सुरुवातीला तो आजही वापरतात, पण त्यात पुदिना, ज्येष्ठमध धरून आठ द्रव्यं आहेत. एकट्या शेवंतीला त्या काढ्याचं श्रेय देता येत नाही.

युरोपात हे फूल रुजलं १७८९ मध्ये फ्रान्समधल्या मार्से बंदराच्या ब्लांकार नावाच्या व्यापाऱ्यानं चीनमधून आणलेल्या रोपामुळे. तिथं ते बागेत आणि फुलदाणीत राहिलं. पेल्यातली शेवंती टिकली ती चीनमध्ये आणि चिनी माणसं जिथं जिथं गेली तिथं, म्हणजे हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये.

आता डोळ्यांचा मुद्दा. चिनी वैद्यकात यकृताचं दार डोळ्यांत उघडतं असं मानतात. यकृताची उष्णता वर चढली की डोळे लाल होतात, चुरचुरतात, डोकं ठणकतं. शेवंती थंड, ती ही उष्णता उतरवते. 'यकृत स्वच्छ होतं' आणि 'दृष्टी सुधारते' हे पाकिटावरचे दोन दावे म्हणजे याच एका विचाराचे दोन तुकडे आहेत. गुलकंद, सब्जा, वाळ्याचं पाणी यांवर उन्हाळा काढणाऱ्या खान्देशी माणसाला हा विचार परका वाटत नाही, म्हणूनच तो इथं इतक्या सहज पटतो. पण त्यातलं यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसणारं यकृत नव्हे. जुन्या विचाराचा आधुनिक शब्दांत केलेला अनुवाद इथं फसतो.

प्रयोगशाळेत या फुलांत क्लोरोजेनिक आम्ल, ल्युटिओलिन, अपिजेनिन अशी द्रव्यं सापडली आहेत. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांचे दाह कमी करणारे गुण दिसले. माणसांवरचे मोठे, नीट आखलेले अभ्यास मात्र फारच थोडे आहेत. म्हणून या चहानं रक्तदाब उतरतो किंवा चष्म्याचा नंबर जातो असं कुणी सांगितलं तर त्याला आधार नाही. रक्तदाबाची गोळी सोडून ही फुलं पीत बसणं तर घातकच.

ल्युटिओलिन आणि ल्युटिन या दोन नावांचीही सर्रास गल्लत होते. डोळ्याच्या पडद्यात असतं ते ल्युटिन. पिवळ्या शेवंतीच्या पाकळ्यांत तेही असतं, पण ते तेलात विरघळणारं द्रव्य आहे, नुसत्या पाण्यात फारसं उतरत नाही. बाजारातल्या ल्युटिनच्या गोळ्यांसाठी जगभर जे फूल पिकवतात ते आपल्या दसऱ्याचं झेंडूचं फूल. आणि ल्युटिन जेवणातून हवं असेल तर पालक, मेथी, मक्याचं कणीस आहेच.

मग या चहात चांगलं काय? मला वाटतं, पुष्कळ आहे. यात कॅफिन नाही. दिवसाला पाच-सहा कप साखरेचा दुधाळ चहा पिणाऱ्या आपल्या घरांत संध्याकाळचा एक कप जरी याच्यावर गेला, तरी साखर वाचते आणि झोपेलाही बरं. भुसावळ-जळगावच्या उन्हात शरीराला मुळात पाणी हवं असतं. चवीच्या निमित्तानं दोन ग्लास पाणी जास्त पोटात जात असेल तर तो फायदा खराच आहे. चिनी औषधकोशात दिवसाचं प्रमाण ५ ते १० ग्रॅम सुकी फुलं एवढं दिलं आहे. ग्लासभर पाण्याला पाच-सहा फुलं, पाच मिनिटं झाकण, बस.

फुलं मात्र पिण्यासाठी पिकवलेली आणि सुकवलेलीच हवीत. चीनमध्ये थोंगशियांगची पांढरी शेवंती वाफवून मग वाळवतात, इतर भागांत मंद शेगडीवर किंवा सावलीत सुकवतात. काही व्यापारी रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तेव्हा फुलं फारच चकचकीत असतील आणि नाकाला आंबूस झोंबत असतील तर घेऊ नयेत. आपल्या फूलबाजारातली शेवंती घरी आणून वाळवायची नाही. ती हाराची म्हणून पिकवलेली असते आणि मावा, फुलकिडीसाठी तिच्यावर फवारे बसलेले असतात. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले याचा हिशेब हाराच्या फुलासाठी कुणी ठेवत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फुईच्याच डोळ्यांत होती. तिच्या पापण्या सुजलेल्या, कपाळाची आणि मानेची कातडी जाड, काळवंडलेली, कोपरांच्या लवणात खाज. उभं आयुष्य कपाशीच्या निंदणीत गेलेलं. चातुर्मासात त्रास वाढायचा, उन्हाळ्यात थोडा बसायचा, पण तो चहा सुरू केल्यापासून उन्हाळ्यातही बसेना. मी तिला धुळ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठीवर अ‍ॅलर्जी उठवू शकणाऱ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी पाहिल्या. गाजरगवताच्या पट्टीखाली कातडी लाल होऊन टरारून आली होती.

गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. शेवंतीही त्याच कुळातली. दोघांमध्ये एकाच वर्गातली, अ‍ॅलर्जी उठवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे ज्याला गाजरगवत सोसत नाही त्याला शेवंतीही सोसेलच असं नाही. फुलं हाताळूनच नव्हे, तर पिऊनही काहींचा त्रास वाढतो. ज्या भागात बांधाबांधावर गाजरगवत आहे, तिथं हा इशारा पाकिटावर पहिल्या ओळीत हवा. चिनी ग्रंथकारांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, त्यांच्या काळात हे मेक्सिकोकडचं तण आशियात नव्हतंच. गरोदर बायांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारूनच हा चहा घ्यावा.

डॉक्टरांनी फुईला मलम दिलं, निंदायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालायला सांगितले आणि चहा बंद केला. पाकीट तिनं शेजारणीच्या सुनेला दिलं, तिला कशाची खाज नाही हे आधी दोनदा विचारून. पहिला पाऊस झाल्यावर नातू आला तेव्हा त्यानं परसातलं गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटलं. काचेचा ग्लास फुईनं ठेवून घेतलाय. त्यात ती आता सब्जा भिजत घालते.