ऑक्टोबरफेस्ट, ब्लुमेनाउ (ब्राझील)

ऑक्टोबरफेस्ट, ब्लुमेनाउ : ब्राझीलच्या दक्षिणेला सांता कातारिना राज्यात ब्लुमेनाउ नावाचं शहर आहे, तिथे दरवर्षी ऑक्टोबरात भरणारा जर्मन धाटणीचा बिअर महोत्सव. १९८४ पासून चालू आहे. अडीच आठवड्यांच्या आसपास चालतो आणि भरतो पार्क विला जर्मानिका या प्रदर्शन-संकुलात. म्युनिकनंतर जगातला दुसरा मोठा ऑक्टोबरफेस्ट आपलाच असं शहरवाले सांगतात, पण हाच दावा कॅनडातल्या किचनर-वॉटर्लूवाल्यांचाही आहे (तो १९६९ पासूनचा), आणि गेटमधून आत आलेले मोजायचे की मिरवणूक बघायला रस्त्यावर उभे राहिलेलेही धरायचे यावर आकडा बदलतो, त्यामुळे अमेरिका खंडांतल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक एवढंच म्हणणं सुरक्षित आहे.

वसाहतीची पार्श्वभूमी

शहराला नाव मिळालं ते हेर्मान ब्लुमेनाउ या जर्मन औषधनिर्मात्यावरून. त्याने आणलेले पहिले १७ वसाहतवाले २ सप्टेंबर १८५० ला इताजाई-आसू नदीच्या काठी उतरले. सुरुवातीला ही खाजगी वसाहत होती, पैसा पुरेना म्हणून १८६० मध्ये ब्राझीलच्या साम्राज्य सरकारने ती ताब्यात घेतली. डार्विनशी पत्रव्यवहार करणारा निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर १८५२ मध्ये इथेच येऊन राहिला, पण त्याच्यासाठी वेगळी नोंद हवी. दुसरी गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी, की ही दरी रिकामी नव्हती. ती लाक्लानो-शोक्लेंग या आदिवासींची जमीन होती आणि वसाहत वाढत गेली तसं त्यांना मारून, हाकलून काढण्यात आलं. उत्सवाच्या माहितीपत्रकांत हे सहसा दिसत नाही, म्हणून इथे ठळकपणे नोंदवलंय.

स्थलांतरित आले ते पोमेरानिया, होल्श्टाइन, सॅक्सनी, ब्राउनश्वाइग अशा भागांतून, म्हणजे जास्त करून उत्तर आणि मध्य जर्मनीतून. दक्षिणेकडच्या बव्हेरियाचे (म्युनिक तिथलंच) फार थोडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उत्सव सुरू कसा झाला

सगळ्यात जास्त सांगितली जाणारी कथा पुराची आहे. जुलै १९८३ मध्ये नदी १५.३४ मीटरवर गेली आणि शहर कित्येक दिवस पाण्याखाली राहिलं, सावरतंय न सावरतंय तोच ऑगस्ट १९८४ मध्ये पाणी १५.४६ मीटरवर, म्हणजे आदल्या वर्षापेक्षाही वर. (१८८० चा पूर १७.१० मीटरचा होता, त्या मानाने हे दोन्ही कमीच, पण १८८० मध्ये इथे शहर असं नव्हतंच.) कापडगिरण्या, दुकानं, घरं, सगळ्यांचं नुकसान झालं. मग लोकांचा हुरूप परत यावा आणि शहरात पैसा यावा म्हणून महापालिकेने ऑक्टोबरफेस्ट भरवला, अशी ही कथा. पहिला उत्सव ५ ऑक्टोबर १९८४ ला सुरू झाला, १० दिवस चालला आणि १ लाखाच्या वर लोक आले. त्या वेळी शहराची स्वतःची लोकसंख्या दोन लाखांच्या आत होती, हे बघितलं की तो आकडा केवढा ते कळतं.

पण तारखा नीट मांडून बघितल्या की अडचण येते. दुसऱ्या पुराचं सगळ्यात जास्त पाणी ७ ऑगस्टला होतं आणि उत्सवाचं उद्घाटन ५ ऑक्टोबरला, मध्ये दोन महिनेही नाहीत, आणि एवढ्या अवधीत गाळ काढून, हॉल मोकळा करून, बँड ठरवून, बिअर कंपनीशी बोलणी करून शून्यातून एवढा उत्सव उभा करणं जवळजवळ अशक्य. म्हणून दुसरं मत असं की कल्पना आधीचीच होती, पर्यटनासाठी म्युनिकसारखं काहीतरी करायचं हे महापालिकेच्या डोक्यात १९८४ च्या पुराआधीपासून होतं, पुराने फक्त त्याला कारण आणि घाई दिली. काहीजण मधली वाट काढतात आणि सगळं १९८३ च्या पुराशी जोडतात, म्हणजे पूरकथाही राहते आणि तयारीला वर्षभरही मिळतं.

दुसऱ्या मताच्या बाजूने आणखी पुरावा आहे आणि तो विटा-लाकडाचा आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्लुमेनाउमध्ये लाकडी चौकटीच्या जुन्या जर्मन पद्धतीचा, म्हणजे एन्शाइमेलचा, दर्शनी भाग असलेल्या इमारतींना करसवलत मिळू लागली. मुख्य रस्त्यावरचा मोएलमान दुकानाचा छोटा किल्ला, ज्याच्यापुढे आज प्रत्येकजण फोटो काढतो, तो १९७८ चा आहे आणि जर्मनीतल्या मिखेलश्टाटच्या टाउन हॉलवरून बेतलेला आहे. म्हणजे शहराला जर्मन चेहरा देऊन पाहुणे आणायचे हे धोरण उत्सवाच्या आधीच चालू होतं. शिवाय त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला इतापिरांगा गावात १९७८ पासून ऑक्टोबरफेस्ट होत होता, तेव्हा ब्राझीलमधला पहिला हा मान ब्लुमेनाउला देता येत नाही. रियो ग्रांदे दो सुल राज्यातल्या सांता क्रूझ दो सुलचा उत्सवही १९८४ चाच. एकाच वर्षी दोन शहरांत हीच कल्पना उगवते म्हणजे ती हवेत होती असं मानायला जागा आहे.

या सगळ्याचा विचार करता योजना आधीची आणि अर्थ पुराने दिलेला, हेच जास्त पटतं. पूरकथा खोटी ठरवायची गरज नाही. घर धुऊन निघालेल्या माणसांनी दोन महिन्यांत नाचायला बाहेर पडायचं ठरवलं हे खरंच घडलं आणि ते साधं नाही. नियोजनाच्या फायली कुठल्याही वर्षाच्या असोत.

बव्हेरियाचे कपडे कुणाचे?

आता मघाचा मुद्दा. उत्सवात दिसणारे डर्न्डल झगे, चामड्याच्या अर्ध्या विजारी, पिसाच्या टोप्या हे सगळं बव्हेरिया-आल्प्सकडचं आहे, आणि इथल्या बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा तिकडचे नव्हतेच. म्हणून ब्राझीलमधले काही इतिहास-अभ्यासक याला घडवलेली परंपरा म्हणतात, पर्यटकाला जी जर्मनी ओळखू येते ती अंगावर चढवली असा त्यांचा रोख. यात तथ्य आहे, पण म्युनिकचा उत्सव स्वतःही १८१० च्या राजघराण्यातल्या लग्नात झालेल्या घोड्यांच्या शर्यतीतून वाढलाय आणि तिथेही असे पोशाख घालून येणाऱ्यांची गर्दी अलीकडच्या काही दशकांतच वाढलीये, तेव्हा अस्सल-नक्कल हा भेद वाटतो तितका सरळ नाही.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ब्राझीलचा राष्ट्राध्यक्ष व्हार्गास याच्या हुकूमशाहीत (१९३७–४५) स्थलांतरितांना सक्तीने ब्राझिलियन करून घ्यायची मोहीम निघाली, जर्मन शाळा बंद झाल्या, सार्वजनिक ठिकाणी जर्मन बोलायला बंदी आली, शहरात लष्कराची बटालियन आणून ठेवली गेली. १९४२ मध्ये ब्राझील युद्धात उतरल्यावर जाच आणखी वाढला. नेमबाजी मंडळं (सगळ्यात जुनं १८५९ चं) आणि गाण्याची मंडळं हा इथल्या समाजजीवनाचा कणा होता, तीही बंद पडली किंवा नाव बदलून कशीबशी राहिली. आपल्या आजीला भर बाजारात गप्प बसावं लागलं हे ज्या घरांना आठवतं त्या घरातल्या लोकांनी १९८४ मध्ये मुख्य रस्त्यावरून बँड लावून मिरवणूक काढली, आणि ती नेमबाजी मंडळं आजही त्याच मिरवणुकीत आपापले झेंडे घेऊन चालतात. कपडे बव्हेरियाचे असतील, पण चालणारी मंडळं शंभर टक्के इथली आहेत.

उत्सवाचं स्वरूप

विला जर्मानिका २००६ मध्ये उभं राहिलं, त्याआधी त्याच जागी प्रोएब नावाचे जुने मंडप होते. म्युनिकसारखे तंबू इथे नाहीत, मोठाले बंद हॉल आहेत, प्रत्येकात स्टेज आणि नाचायला मोकळी जागा. बेंचवर बसून राहणं कमी आणि उभ्याने नाचणं जास्त, हा म्युनिक बघून आलेल्यांना पहिल्यांदा जाणवणारा फरक. पोल्का आणि मार्च वाजवणारे ब्राझिलियन बँड तर आहेतच, जर्मनीहूनही बँड येतात, आणि रात्र चढली की पोर्तुगीज गाणी मिसळायला लागतात.

मिरवणुका रुआ किंझे दि नोवेंब्रु या मुख्य रस्त्यावरून निघतात, बहुतेक वर्षी बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी. लोकनृत्याचे गट, मंडळं, फुलांनी सजवलेल्या गाड्या, एकामागे एक बरेचजण बसून पेडल मारतात ती लांबलचक सायकल, आणि फुकट बिअर वाटत जाणारी गाडी. लोक गळ्यात दोरीने मग अडकवून उभे असतात तो याच गाडीसाठी. मिरवणुकीला तिकीट नाही, आणि जो बिअर पीत नाही पण ज्याला उत्सव बघायचाय त्याने हीच बघावी.

मीटरभर बिअरची स्पर्धा हा इथला खास प्रकार. एक मीटर उंचीच्या अरुंद काचेच्या नळीत ६०० मिलिलिटर बिअर असते, ग्लास तोंडापासून न काढता आणि न सांडता सगळ्यात लवकर संपवायची. पुरुष आणि बायका वेगवेगळे. हवा मध्ये अडकली की बिअर एकदम अंगावर येते म्हणून ग्लास हळूहळू फिरवत प्यायचं तंत्र असतं.

बिअर

इथे मिळते ती बहुतेक शॉपी, म्हणजे नळाची पाश्चरीकरण न केलेली बिअर, आणि खूप थंड. सर्वाधिक खप फिक्या पिल्सनर प्रकाराचा, जो म्युनिकच्या सहा टक्क्यांच्या आसपासच्या उत्सवी बिअरपेक्षा हलका असतो. सुरुवातीची बरीच वर्षं मोठ्या राष्ट्रीय ब्रँडची बिअर चालायची आणि जर्मन म्हणवणाऱ्या उत्सवात ही कसली बिअर अशी कुरकुर व्हायची. २००२ मध्ये ब्लुमेनाउमध्येच आइझेनबान ब्रुअरी सुरू झाली, १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता-नियमाचं (बिअरमध्ये फक्त पाणी, जव आणि हॉप्स) नाव घेऊन, आणि तिच्यामागोमाग आजूबाजूच्या छोट्या ब्रुअरीही उत्सवात आल्या. आइझेनबान २००८ मध्ये विकली गेली आणि मालक बदलत २०१७ पासून हायनेकेनकडे आहे, त्यामुळे तिला स्थानिक म्हणायचं का हा वाद आहेच. २०१७ मध्येच केंद्रीय कायद्याने ब्लुमेनाउला राष्ट्रीय बिअर-राजधानी हा किताब मिळाला.

खाण्यात भरलेलं बदक लाल कोबीबरोबर, डुकराच्या पायाचं आइसबाइन, सॉसेज, आणि गोडात श्ट्रूडेल व केळ्याचा कूका नावाचा वरून चुरा घातलेला केक. शाकाहारी माणसाला बटाटा, प्रेत्झेल आणि गोडावर दिवस काढावा लागतो.

जाणाऱ्यांसाठी

जवळचा विमानतळ नावेगांतेसचा, तिथून साधारण तासाभराचा रस्ता. १२ ऑक्टोबरला ब्राझीलमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते, त्या आठवड्यात हॉटेलं मिळत नाहीत, सोमवार ते गुरुवार जाणं सगळ्यात चांगलं. पूर्ण पारंपरिक पोशाख असेल तर काही दिवशी प्रवेश फुकट असतो, पण पूर्ण म्हणजे काय याचे नियम कडक आहेत, नुसती टोपी चालत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत ब्राझीलचा २००८ चा कायदा जवळपास शून्य-सहनशीलतेचा आहे. भारतातून जाणाऱ्याने व्हिसा तर घ्यावाच, पण पीतज्वराची लस जाण्याआधी किमान १० दिवस घ्यावी, ब्राझीलहून परत येताना भारतात ते प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.

अलीकडचा काळ

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गर्दी दहा लाखांच्या आसपास गेल्याचं सांगतात. पुढे उत्सव थोडा आटोपशीर केला गेला. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये झाला नाही, २०२२ चा ३७ वा. २०२३ मध्ये उत्सव चालू असतानाच नदी वाढली आणि काही दिवस बंद ठेवावा लागला. त्याच दिवसांत वरच्या अंगाला जोसे बोइतेउ इथल्या धरणाचे दरवाजे राज्य सरकारने पोलीस बंदोबस्तात बंद करायला लावले, म्हणजे ब्लुमेनाउकडे येणारं पाणी अडेल, पण ते धरण शोक्लेंगांच्या राखीव जमिनीवर आहे आणि दरवाजे बंद झाले की त्यांची घरं पाण्यात जातात. त्यांनी विरोध केला, पोलिसांशी झटापट झाली. ज्या पुरांशी या उत्सवाचा जन्म जोडला जातो तशा पुरांपासून खालचं शहर वाचवायला बांधलेल्या धरणाची किंमत अजून तेच लोक देतायत, आणि त्याची भरपाई हा प्रश्न अनेक वर्षं सुटलेला नाही.

शेजारचे उत्सव : ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ब्रुस्कीला बदकाचा फेनार्रेको, जारागुआ दो सुलला नेमबाजीचा श्युट्झेनफेस्ट आणि इताजाईला पोर्तुगीज वळणाचा, मासळीचा मारेजादा भरतो. पोमेरानियन मुळांशी जास्त जवळचं काही बघायचं असेल तर जानेवारीत पोमेरोदीचा फेस्टा पोमेराना.